नाव गावात, मी कोट्यात

एस.टी.त चढले तेव्हा माझ्या अंगावर गावातल्या ज्युनिअर कॉलेजचा नवा गणवेश होता आणि हातात राजस्थानातल्या कोट्याला जायची बॅग. अकरावी सायन्सचा तो पहिलाच दिवस. पहिल्या दिवशी तरी पोरगी वर्गात दिसली पाहिजे, असं बाबांचं म्हणणं. म्हणून मी एक तास बसले, सरांनी हजेरी घेतली, "झाडे मयूरी" म्हटल्यावर मी "हजर, सर" म्हटलं आणि मधल्या सुट्टीत वैशालीने माझी दुसरी बॅग डोक्यावर घेऊन मला फाट्यावर आणलं. वैशाली म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावर बसणारी पोरगी. तिचे आईवडील तिला फाट्याच्या पलीकडे पाठवणार नव्हते, त्यामुळे तिचं नाव आणि ती दोघंही गावातच राहणार होती. आई रडत नव्हती. ती चिडलेली होती, आणि चिडली की ती डब्याची झाकणं उगाच पुन्हा पुन्हा घट्ट करते. बाबा तेवढे खुशीत. आंजीवरून जाणारी वर्ध्याची गाडी दिसली तसे ते म्हणाले, "नाव इथं राहू दे, बाई. तू जाय. नावाले मी पाहतो."

आमचं गाव आंजीच्या पुढे आहे. गावाचं नाव सांगत नाही, नावांनी आधीच पुष्कळ घोळ घातले आहेत. पण जे तिथून गेले आणि जे तिथेच राहिले, त्या दोघांनाही मी कशाबद्दल बोलते आहे ते लगेच कळेल, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टरकीच्या परीक्षेत मार्क मिळाले तरी महाराष्ट्रातल्या जागांवर हक्क सांगायचा, तर दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली लागते. पण बारावी इथे करून शिकवणीला कोट्यात कसं बसणार? यावर आमच्याकडे उपाय निघाला. पोराचं नाव एखाद्या खेड्यातल्या कॉलेजात ठेवायचं, जिथे कोणी हजेरीसाठी मागे लागत नाही, आणि पोराला पाठवायचं कोट्याला, लातूरला, निदान नागपूरला. पुलगावच्या मामाने त्याच्या पोराचं असंच केलं होतं आणि लग्नाकार्यात पंगत बसली की तो चार जणांना हे समजावून सांगायचा. कॉलेजलाही हे बरंच होतं. पोरं कमी झाली तर सायन्सची तुकडी बंद होते, नावं भरली की तुकडी टिकते. वर्धा-नागपूरच्या पोरांची नावं अशी आमच्या गावी नांदायला आली होती. सगळेच खूश होते. मला तर मी हुशार असल्याचा पुरावाच वाटला होता, की बघा, मला पाठवण्यासाठी किती खटपट चालली आहे.

कोट्यात माझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती समोरच्या होस्टेलच्या खिडकीत उघडायची. खाली मेस, शेजारी झेरॉक्स, समोर पुन्हा मेस. टेस्ट झाली की रँक लागायचा आणि रँकवरून बॅच बदलायची. कालपर्यंत शेजारी बसलेली मुलगी आज वरच्या मजल्यावर गेली की जिन्यात भेटली तरी ओळख द्यायची नाही, असा एक न लिहिलेला नियम होता. घरमालकीण आंटी चहा देताना "बेटा, टेस्ट कैसा गया?" विचारायची आणि माझा चेहरा पाहून साखर जास्त टाकायची. मी जेवत होते, झोपत होते, पेपर सोडवत होते, पण मनात सतत पुढच्या टेस्टचे दिवस मोजत असायचे.

तिकडे गावात माझं नाव व्यवस्थित कॉलेजला जात होतं. सर रोज सगळ्या वर्गाची हजेरी घ्यायचे आणि माझं नाव आलं की वैशाली आवाज जरा बारीक करून "हजर, सर" म्हणायची. सर मान वर करायचे नाहीत. बाकीच्या नावांना कोणी उत्तर दिलं नाही तरी चालायचं, ती शहरातली, त्यांचं वर परस्पर ठरलेलं. माझ्या नावाला मात्र उत्तर द्यायचं हे वैशालीने स्वतःच ठरवलं होतं. मी फोनवर हसून म्हटलं, अगं कशाला? तर म्हणाली, "काऊन म्हंजे? तुह्यं नाव घेतलं अन् कोनीच बोललं नाई, तर कसं वाटते मले, तुले काय मालूम?" मग म्हणाली, "हजेरी चालू असते तवा वाटते वर्ग भरून हाय. मान वर केली का आमी चौघंच." माझी उद्या टेस्ट होती. मी बरं म्हणून फोन ठेवला.

बारावीच्या हिवाळ्यात एका दुपारी तिचा पुन्हा फोन आला. आवाज घाबरलेला होता. "मयू, निघून येजो. परवा तपासनी येऊन राह्यली. जे वर्गात दिसनार नाईत त्याईचे नावं कापून राह्यले म्हंतात." नाव कापलं की बारावीला बसता येणार नाही. बारावी नाही म्हणजे दोन वर्षांच्या टेस्ट, रँक, सगळं पाण्यात. बाबांना फोन केला, तर माझ्या नावाला पाहणारे बाबा नुसतं "ये तू, ये" एवढंच म्हणत राहिले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी मिळेल त्या गाडीने नागपूर गाठलं, तिथून वर्धा, आणि फाट्यावर उतरले तेव्हा आईने आणलेला गणवेश कडेच्या दुकानामागे बदलला. तो आता तोकडा झाला होता.

वर्गात शिरले तर माझ्याच गावात मी जवळजवळ कोणालाच ओळखत नव्हते. कॉलेजच्या मैदानात शहरातल्या गाड्या उभ्या होत्या, पोरं-पोरी कडक इस्त्रीचे कपडे घालून बाकांवर दाटीने बसली होती आणि एकमेकांना हळूच विचारत होती, फिजिक्सच्या सरांचं नाव काय? वैशालीला स्वतःच्या बाकावर जागा नव्हती. ती मागे भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिने माझा हात धरला.

शिक्षण खात्याकडून तपासणीला आलेल्या मॅडम शांत होत्या, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. खुर्चीत बसून सरांना म्हणाल्या, "रोजच्यासारखी हजेरी घ्या." सर नावं घेऊ लागले. एकेक अनोळखी आवाज "प्रेझेंट", "यस सर" म्हणत होता. माझं नाव जवळ येत होतं. "झाडे मयूरी." मी "हजर, सर" म्हटलं. आणि त्याच क्षणी माझ्या शेजारून, जरा बारीक आवाजात, दुसरं "हजर, सर" आलं.

दोन वर्षांची सवय. वैशालीने तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग! सरांनी डोळे मिटले. मॅडमनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि वैशालीला विचारलं, "तू किती दिवसांपासून हिची हजेरी देतेस?"

मला वाटलं, संपलं. वैशाली रडेल, सर तिच्यावर ढकलतील आणि माझं नाव तिथल्या तिथे कापलं जाईल. पण वैशाली रडली नाही. "अकरावीपासून, मॅडम," ती म्हणाली. "ते कोट्याले असते. हे बाकीचे मले मालूम नाई, मी आज पह्यल्यांदा पाहून राह्यली याईले. वर्गात आमी चौघंच असतो. पन मॅडम, एवढे नावं नसते तर हे तुकडीच नसती. मंग मी कुठं शिकली असती?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. पण मला तसं लिहिता येत नाही."

परीक्षा तोंडावर आली होती म्हणून त्या वर्षीच्या नावांना ताकीद देऊन बसू दिलं. मी बारावी दिली. पुढच्या वर्षी मात्र गावात अकरावी सायन्स उघडलंच नाही. शहरातली नावं गेली ती गेलीच, आणि नुसत्या गावातल्या पोरांवर तुकडी भरत नव्हती. ज्यांना जमलं त्यांनी वर्ध्याजवळ नालवाडीला खोली करून पोरांना ठेवलं. वैशालीची धाकटी बहीण तेजू दहावीला चांगले मार्क घेऊन घरी बसली, कारण तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, रोज वर्ध्याले पोरगी धाडनार नाई.

माझं म्हणाल, तर एमबीबीएसला मार्क कमी पडले. मामा म्हणाला ड्रॉप घे, बाबा म्हणाले अजून एक साल पाहू. मी पहिल्यांदा बाबांवर ओरडले. म्हटलं, आता माझं नाव कुठे ठेवणार आहात? त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी फिजिओथेरपी घेतली आणि पुण्याला आले. हजेरीला मी "हजर" म्हणते, पोरी हसतात. म्हणजे आधी शेजारी बघते आणि मग म्हणते. ही खोड काही जात नाही.

परवा गावात ग्रामसभा झाली. विषय एकच, सायन्सची तुकडी पुन्हा मागायची. ठरलेल्या संख्येइतकी माणसं नसली तर सभा तहकूब होते, म्हणून ग्रामसेवक मतदारांची नावं वाचत होते आणि लोक आपले सवयीने शेजारच्याचीही हजेरी देत होते. मीही आता मतदार आहे. माझं नाव आलं आणि आमच्या वैशालीबाई, आता घरी राहून बी.ए. करतात, तरी बोलल्याच, "हजर!"

तेवढ्यात बाबा उभे राहिले. हे सगळं मला वैशालीनेच फोनवर सांगितलं, अजून चिडलेली होती. बाबा म्हणाले, "नाई, साहेब. ते इथं नाई. पुन्याले असते. गैरहजर लिहा." आकडा अडला. लोक बाबांवर खेकसले. वैशालीही म्हणाली, "काका, एका नावानं काय बिघडत होतं?" बाबा म्हणाले, "एकेका नावानंच बिघडलं, बाई." आणि खाली बसले. मग आई उठली, वैशाली उठली, दारोदार जाऊन बायांना हाताला धरून आणलं, तेजूच्या वडिलांनाही आणलं, आणि खऱ्या माणसांनी सभा भरली. ठराव झाला. तुकडी मिळेल की नाही, देव जाणे.

फोन आला तेव्हा मी मेसमध्ये ताट घेऊन उभी होते. आधी वाईट वाटलं. कोट्याला गेले, पुण्याला आले, तरी गावात माझं नाव हजर होतं, आणि बाबांनी सगळ्यांसमोर मला गावातून उठवलं. मग वैशाली म्हणाली, "गैरहजर म्हनताना काकाचा आवाज फाटला, मयू." ताट ठेवून मी बाहेर आले.

इथे होस्टेलवर मी दोन दिवस दिसले नाही तर कोणी विचारणार नाही. गावात मी नाही, हे एका माणसाला भर सभेत उभं राहून सांगावं लागलं आणि सांगताना त्याचा आवाज फाटला. तेच माझं घर. दिवाळीला जाईन तेव्हा फाट्यावर बाबा असतील. त्यांनी काही विचारायच्या आत मीच म्हणणार आहे, हजर.