खायाचं त्याल

जळगावच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा आमच्या सामानात सगळ्यांत जड काही असेल तर तो तिळाच्या तेलाचा डबा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो गावाहून स्वतः खांद्यावर आणला होता. झाकणाभोवती कणीक थापलेली, त्यावर फडकं, फडक्यावर सुतळीचे वेढे. कंडक्टर म्हणाला, "तेल आत नका घेऊ बाबा. सांडलं तर लोक मला बोलतील." नाना त्याला म्हणाले, "लेक चाललीये कोल्हापूरला. तिकडं हे मिळतं की नाही, कोणाला ठाऊक." त्याने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डबा ड्रायव्हरच्या मागे, स्वतःच्या पायाशी ठेवून घेतला.

माय खिडकीखाली उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल. पण ती फक्त बोलत होती, "तेल पुरवून पुरवून वापरू नको. खा चांगलं. आणि फोडणी जाळू नको, तुला घाई असते." गाडी हलली तरी तिचं फोडणीचंच चाललं होतं. तिला दुसरं काहीतरी म्हणायचं असणार हे मला खूप उशिरा कळलं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. यांचं जळगावचं वर्कशॉप बंद पडलं आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर काम मिळालं. पंचतारांकित म्हटल्यावर आमच्या गावात सगळ्यांना वाटलं, हॉटेलात नोकरी लागली.

गावी आमचं सगळं खाणं तिळाच्या तेलावर चालायचं. नाना दर पावसाळ्यात कपाशीच्या कडेने तिळाचा पट्टा पेरायचे. झोडून, उफणून झाले की तीळ तालुक्याच्या घाण्यावर जायचे आणि वर्षाचं तेल घरात यायचं. सकाळी कळण्याच्या, म्हणजे उडीद-ज्वारीच्या, भाकरीवर चटणी, चटणीत बोटाने खळगा, खळग्यात तेल. भरताची वांगी भाजून झाली की मिरच्या आणि शेंगदाणे त्याच तेलात परतायचे. खिचडीवर वरून कच्चं तेल आणि पापड. मेथी असो, डाळ असो, मायची फोडणी मंद आचेवर पडायची. तिळाचं तेल धुरावलं की कडू होतं, म्हणून ती कढईपासून हलायची नाही. आमच्या घरात शिरलं की पहिल्यांदा तो वास यायचा. तो वास आहे हे मात्र मला कोल्हापुरात आल्यावर समजलं.

राजारामपुरीत आम्हाला एका घराच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्या. तिथल्या गल्ल्यांना नंबर. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. दवाखाना, क्लास, झेरॉक्स, पुन्हा दवाखाना. भाजी आणायला गेले तर परत येताना दुसऱ्याच्याच फाटकाशी उभी राहायची. खाली घरमालकीण राहायच्या, शालनकाकू. नवरा वारलेला, एकुलता मुलगा पुण्याला घर करून राहिलेला. आवाज असा की त्या अंगणात बोलल्या तरी वरच्या खोलीत मी 'ओ' द्यायची.

दुसऱ्याच दिवशी मी बटाट्याची भाजी फोडणीला टाकली आणि काकू जिना चढून वर आल्या. दारातच थांबून त्यांनी नाक वर केलं.

"आत्ता गं बया! दिव्याचं त्याल कढईत घातलंस व्हय?"

मी म्हटलं, "तिळाचं आहे काकू. आमच्याकडे यातच करतात सगळं."

"आमच्यात ते शनिवारी देवाला वाहत्यात. खात न्हाईत. खायाला शेंगत्याल असतंय की!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं की वरच्या मजल्यावरची जळगाववाली शनीच्या तेलात भाजी करते. कोणी वाईट वागलं नाही. पण आमच्याकडे माणूस मनात ठेवून हळू बोलतो, आणि इथे सगळं तोंडावर, तेही रस्त्याच्या पलीकडून ऐकू जाईल असं. मला ते भांडणच वाटायचं. तिकडे कारखान्यात यांनी डबा उघडला की सोबतचे विचारायचे, "काय पावणं, आज कुठल्या देवाचा प्रसाद?" हे हसत हसत घरी येऊन सांगायचे. मी हसले नाही. एके दिवशी नानांचा तेलाचा डबा माळ्यावर चढवला आणि दुकानातून शेंगतेलाची पिशवी आणली.

शेंगतेल वाईट नव्हतं. कोल्हापूरचा झुणका, इथली उसळ त्यातच चांगली लागते. पण माझ्या हाताची चव गेली. मीठ कमी-जास्त व्हायचं, भाजी करताना मन लागायचं नाही. मायचा फोन आला की ती विचारायची, "तेल आहे ना अजून?" मी म्हणायची, "आहे." ते खरंच होतं. पुढच्या उन्हाळ्यात माळ्यावर ते खवट झालं आणि शेवटी मी ते देवापुढच्या दिव्यातच जाळलं.

मग मला दिवस गेले. पहिल्या आठवड्यांतच उलट्या अशा सुरू झाल्या की पाणीही पोटात ठरेना. भात, नाचणीची आंबील, लिंबू-साखर, शेजारणींनी सांगितलं ते सगळं झालं. दोनदा सलाईन लावलं. वजन उतरत चाललं तशी डॉक्टरीणबाईंची भुवई आक्रसायला लागली. त्या म्हणाल्या, असंच राहिलं तर बाळाला जड जाईल. प्रवासाला सक्त मनाई. म्हणजे माहेरी जायचं, मायच्या हातचं खायचं, तोही रस्ता बंद. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हे कामावर गेले की दिवसभर वर कोणी नाही.

म्हणजे कोणी नसायला हवं होतं. पण काकू यायच्या. यायच्या, बादली उचलायच्या, खिडकी उघडायच्या आणि ओरडायच्या, "उठ की गं! भिताडाकडं बघून पोट भरतंय व्हय?" एक दिवस मात्र त्या ओरडल्या नाहीत. माझ्या पायाशी बसल्या आणि विचारलं, "खरं सांग पोरी. काय खावंसं वाटतंय? लाजू नगंस."

मला रडूच आलं. मी म्हटलं, "खिचडी. मुगाची. आणि वरून कच्चं तेल."

"कुठलं त्याल?"

मी देवापुढच्या दिव्याकडे पाहिलं. त्यांना कळलं.

त्यांनी माझं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "तीळ उष्ण असतंय. पोटुशी बाईनं खायाचं नसतंय." आणि उठून गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या गेल्या होत्या थेट डॉक्टरीणबाईंकडे. नंबर न लावता आत शिरून त्यांनी विचारलं, चमचाभर तिळाचं तेल चालेल का. बाई म्हणाल्या, पोटात ठरेल ते खाऊ द्या, एवढ्याशा तेलाने काही होत नाही.

तिथून पुढची गोष्ट काकूंनी नंतर इतक्यांदा सांगितली आहे की आता मला वाटतं मीही सोबत होते. त्या रिक्षाने शाहूपुरीत गेल्या. तेलाच्या दुकानात माणूस म्हणाला, "मावशी, आज शनिवार न्हाय की." काकू म्हणाल्या, "शनीला नगं मला. खायाचं त्याल दे. ताजं काढल्यालं." तो म्हणाला, "तिळाचं? कोण खातंय?" तर काकू भर दुकानात गरजल्या, "माझी पोरगी खातीया! पोटुशी हाय. दे आता, प्रश्न नगं विचारू!"

माझी पोरगी. हे त्यांनी मला ऐकवण्यासाठी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त दुकानदाराचं तोंड कसं झालं ते सांगायचं होतं.

खिचडी काकूंनीच केली. थोडी लागली होती, हळद जास्त होती. त्यावर त्यांनी भीतभीत तेल सोडलं, जसं औषध घालतात तसं. वास आला आणि मी उठून बसले. पहिला घास घेतला आणि दोघी थांबलो. पोटात काही ढवळलं नाही. दुसरा घेतला. काकू बादली हातात धरूनच उभ्या होत्या. ताटली संपली तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "कांदा चिरत होतो." घरात त्या दिवशी कांदा चिरलाच नव्हता.

उलट्या लगेच थांबल्या असं नाही. पण दिवसातून एक ताटली ठरू लागली, मग दोन. पाचव्या महिन्यात मी जिना उतरून अंगणात ऊन खात बसले. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाची परवानगी मात्र शेवटपर्यंत दिली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण आमचं माहेरच इकडे आलं. सातव्यात माय आली, एक पिशवी उडीद-ज्वारीच्या पिठाची घेऊन.

माझ्या दोन खोल्यांत त्या दोघी! पहिले काही दिवस मला भीतीच वाटायची. काकू मोठ्या आचेवर कढई तापवायच्या, माय येऊन गॅस बारीक करायची. काकू पुन्हा मोठा करायच्या. माय हळू म्हणायची, "जाळून ऱ्हायली बाई तेल." काकू म्हणायच्या, "अवो, जाळ न्हाय तर चव कुठनं?" मी बाजेवरून बघत राहायची. एका दुपारी काकूंनी खर्डा करायला घेतला आणि शेंगतेल संपलेलं. मायने तिळाच्या तेलाची बाटली पुढे केली, आच बारीक ठेवली, मिरच्या, लसूण, शेंगदाणे सावकाश परतले आणि कुटायला काकूंच्या हातात दिले. काकूंनी भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत हेच मोठं. मग म्हणाल्या, "माय, अजून एक भाकरी द्या."

त्या दिवसापासून काकू तिला मायच म्हणायला लागल्या, वयाने दोघी बरोबरीच्या असून.

ईशा झाली. तिच्या बारशाला गल्लीतल्या बायकांना भरीत-भाकरी होती, खाली अंगणात. सुरुवातीला ज्या एका शेजारणीने मला शनीवाली म्हटलं होतं तिने दोनदा मागून घेतलं आणि जाताना तेल कुठून आणलं ते विचारलं. काकूंनी तिला पत्ता सांगितला, आणि वर असंही सांगितलं, "खायाचं म्हणून माग. न्हाईतर दिव्याचं दील." आता त्या दुकानात खायचं तेल वेगळ्या पिंपात असतं.

यालाही वर्षं झाली. ईशा आता क्लासला जाते. जाताना ओरडते, "आई, मी जातो!" इथल्या मुली असंच बोलतात. मायने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती मला म्हणाली, "पोरगी आहे ना गं ही?" मीही कधीकधी फोनवर 'हाय की' म्हणून जाते आणि तिकडून माझा भाऊ, दादा, हसतो. पांढऱ्या रश्श्यासाठी मी तीळ वाटते तेव्हा काकू बाजूला बसून सूचना देतात. त्यांच्या आमटीला मी तिळाच्या तेलाची फोडणी देते तेव्हा त्या गॅस बारीक करतात. कोण कुणाचं शिकलं, आता सांगता येत नाही.

तिकडे गावी मात्र उलट झालं. नाना गेले. दादाने सगळ्या रानात केळी लावली. बरोबरच केलं त्याने, पाणी आलं होतं. तिळाचा पट्टा गेला, तालुक्याचा घाणाही बंद पडला. गेल्या दिवाळीला मी जाताना तेल घेऊन गेले आणि भरीत केलं. वहिनी नाशिकची, तिने कौतुकाने शेजारणीला बोलावून सांगितलं, "ताईंनी कोल्हापूरचं तेल आणलंय, खाऊन बघा." दादा माझ्याकडे बघून खाली बघायला लागला. माय मात्र मोठ्याने हसली. म्हणाली, "आपलं तेल कोल्हापूरचं झालं गं!" आणि ताट पुढे करून अजून मागितलं.

त्याच दिवाळीत दादाने विषय काढला. जळगावच्या एमआयडीसीत यांच्यासाठी जागा होती, दादाने बोलूनही ठेवलं होतं. "पुरे झालं आता लांब राहणं. परत या." हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." किती वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती! पहिल्या वर्षी कोणी म्हटलं असतं तर मी अंगावरच्या साडीनिशी निघाले असते. आता ते समोर आलं तर मला आधी आठवलं काय, तर काकूंचे गुडघे. त्यांना आता जिना चढवत नाही. सकाळचा चहा मी खाली नेते. मग ईशाची शाळा आठवली, यांचे डबा वाटून खाणारे मित्र आठवले. मी म्हटलं, विचार करून सांगते.

कोल्हापूरला परतल्यावर महिनाभराने दादाला फोन केला. म्हटलं, "सणाला येऊ, सुट्टीला येऊ. पण राहायला नाही जमणार रे." तो केळीच्या भावाचं सांगू लागला. मला वाटलं, दुखावला. मग म्हणाला, "मायलापण हेच वाटलं होतं. ती म्हणत होती, पोरगी आता तिथली झाली." आणि लगेच पुढे, "थंडीचे दोन महिने तिला तुझ्याकडे पाठवू का? शालनबाईंची फार आठवण काढते."

म्हणून हे लिहितेय. दादा, तुझ्यासाठी, आणि माझ्यासारख्या कुठून कुठे येऊन पडलेल्या सगळ्यांसाठी. सुरुवातीची वर्षं मी घर म्हणायची ते यावलकडच्या आमच्या गावातल्या त्या ओट्याला, जिथे बसून माय माझी वाट बघायची. आज सकाळपासून मी वाट बघतेय. काकूंनी खालची पुढची खोली मायसाठी झाडून घेतली आहे, "तिला जिना नगं" म्हणून, आणि दर थोड्या वेळाने अंगणातून ओरडतायत, "कुठवर आली गं गाडी?" वाट बघण्याची जागा बदलली, तसं माझं घरही बदललं. माय येईल, पायऱ्यांपाशी चप्पल काढेल आणि विचारेल, जेवलीस का. यावेळी मी म्हणणार आहे, नाही, तुझ्यासाठी थांबलेय.