बिघडलेला नव्हता तो सूर

आमची आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. दोन्हीकडे तोंड सारखंच फटकळ. तिचा भाऊ, म्हणजे माझे काका, गेले तेव्हा अंत्यविधीलाही तिलाच वाजवायला बसवलं, आणि काय, तर एक गोड गोड गीत! घरी येऊन ती कडाडली, "देवाला सगळं गोडच ऐकवायचं? मग माझा राग मी कुठे नेऊ?"

शोधून शोधून तिने एका हयात संगीतकाराची नवीकोरी रचना आणली. विलापाचं स्तोत्र. खाली ऑर्गनचा एकच खर्जातला सूर अखंड, वर आम्हा गाणाऱ्यांचे आवाज एकमेकांना घासत जाणारे. पहिल्या तालमीला मी म्हटलं, "आत्या, कानाला टोचतंय गं."

"टोचायलाच हवं. गा!"

पाळकांची हरकत नव्हती, पण चर्चच्या समितीचे अध्यक्ष फुरंगटले. "एक रविवार देतो. मंडळीला रुचलं नाही, तर ऑर्गनवर दुसरं कोणी बसेल."

"बसवा की. पण आधी ऐका."

आता आमचा ऑर्गन म्हातारा. दमट हवेत पट्टी अडकली की सूर थांबता थांबत नाही. मग अध्यक्षांनी मागे जाऊन ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा बंद करायचा, ही आमच्याकडची रीतच. त्या रविवारी खर्ज लांबला, तसे ते उठले. दुष्टपणाने नाही हो, सवयीने! खटका पडला. सूर कण्हत कण्हत विझला आणि आम्ही मध्येच गप्प झालो. अध्यक्ष हात झटकत बाहेर आले. "काळजी नको, बंद केलंय." मंडळीत खसखस पिकली. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्या उठली. "अहो, काही बिघडलं नव्हतं. लिहिलंयच तसं."

"असलं लिहितात? राहू द्या. नेहमीचं गीत घ्या."

"नाही घेणार."

"मग खाली उतरा."

"नाही उतरणार!"

पाळक मध्ये पडणार, तेवढ्यात औषधाच्या दुकानवाली उभी राहिली. गेल्याच महिन्यात तिची लेक गेली होती. तेव्हापासून ती दर उपासनेला यायची, पण तोंडातून अक्षर काढायची नाही.

"बाई, तेच वाजव," ती म्हणाली. "मला इथे एकदा तरी रडू दे. चांगलं चांगलं ऐकून जीव घुसमटलाय माझा."

आत्या पुन्हा बसली. पट्ट्यांवर हात ठेवून, मान न वळवता म्हणाली, "ऐकलंत ना अध्यक्ष? जा, चालू करा."

त्यांनी मागे जाऊन पंखा चालू केला. आम्ही पहिल्यापासून गायलो, आणि ती बाई भर चर्चमध्ये मोठमोठ्याने रडली.