कपितोलिनाची बोटं

आंधळ्यांच्या त्या वस्तीत वसतिगृहापासून कारखान्यापर्यंत लोखंडी कठडा होता. समोरून कुणी आलं की दोघंही कठड्यावर टकटक करायची. प्रत्येकाची टकटक वेगळी, त्यामुळे नाव विचारायची गरजच नाही. येफिमची दोन हळू, एक जोरात. कारखान्यात ब्रश बनवता बनवता तो म्हातारा झाला आणि बहिणीकडे राहायला गेला. त्याला दीड वर्ष झालं, तरी कपितोलिनाचा कान कठड्याकडेच असे.

तीही एकतीस वर्षं ब्रशच बनवत होती. लाकडाच्या भोकातून तारेनं केसांचा झुबका ओढायचा, आवळायचा, की पुढचं भोक. वर्षाचं ठरलेलं काम पुरं झालं की टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त काम. नुसता वीट आला होता.

एका मंगळवारी येफिमचं पत्र आलं. तिनं बोटं फिरवली, तर कागद सपाट! ब्रेलचे ठिपके होते, पण तारेनं बोटांना असे घट्टे पाडले होते की काही लागेचना. वस्तीतल्या निम्म्या लोकांना ठिपके वाचायला हिनंच शिकवलेलं. आता वाचून द्या म्हणून कुणापुढे हात पसरायचा?

"काय गं कपितोलिना," शेजारच्या बाकावरून ताइसिया म्हणाली, "आठ दिवस पत्र उराशी धरून फिरतेस. काय म्हणतो म्हातारा?"

"बरा आहे म्हणतो."

"एवढ्या जाड पत्रात एवढंच? आण इकडे, मी वाचते."

"आधी हातातला झुबका आवळ. सुटलाय."

"बघा, या वयात लाजतेय!"

दुपारी चहा पिताना कपाच्या कडेचा टवका तिच्या ओठाला लागला. बोटांना तो कधीच लागला नव्हता. असली अक्कल मेली नेमकी उशिरा येते. ती खोलीवर गेली, दार लावलं आणि कागद ओठांवरून सरकवू लागली.

'रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तू स्टेशनवर ये. आलीस तर यापुढे एकत्र राहू. नाही आलीस तर तुझ्या मनात नाही असं समजेन आणि परत जाईन.'

रविवार होऊन दोन दिवस झाले होते. तिला रडूही आलं नाही, इतकी ती दमली होती.

तिनं ठिपके टोचायची पाटी आणि टोचा घेतला. टोचायला मऊ बोटं लागत नाहीत. 'माझी बोटं मेली आहेत, म्हणून...' इथवर लिहिलं आणि हात थांबला. येफिमनं तर तिच्याहून पाच वर्षं जास्त तार ओढली होती; त्याचीही बोटं मेलेलीच असणार. त्याला हे कोण वाचून दाखवणार? डोळस बहिणीला ठिपके येत नव्हते.

कागद तसाच ठेवून ती कारखान्यात परतली.

"ताइसिया, उद्या माझं काम तू ओढ."

"का गं? कुठे निघालीस?"

"त्याचं दार ठोठावायला. माझी टकटक तरी तो ओळखेल."