तळात अडकलेली तार

माझा धाकटा भाऊ सिडनीला शिकायला आला तेव्हा आईने त्याला माझ्या हवाली केलं होतं. आता तो इथे कायमचा झालाय, बाथरूमच्या टाइल्स बसवण्याचं काम करतो. मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलात, लॅबमध्ये. माझ्या शिफ्ट आणि त्याचे वीकेंड कधी जुळत नाहीत. त्याने एक सेकंडहँड बोट घेतली, तेही मला महिनाभराने कळलं. म्हणून जिंडाबाइनच्या तलावावर ट्राउट मासे पकडायला चल म्हणाला तेव्हा पोहता येत नसूनही मी हो म्हटलं.

उन्हाळ्यात ट्राउट गारव्याला खोल जातो. तिथवर गळ पोचवायला बोटीच्या मागच्या कडेवर डाउनरिगर बसवतात. एक मोठं रीळ, त्यावर बाहेरच्या पुलीवरून पाण्यात उतरणारी पोलादी तार, तारेच्या टोकाला क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठं शिशाचं वजन. गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवायची, वजन खाली सोडायचं आणि बोट अगदी सावकाश चालवत राहायचं. मासा लागला की चिमटा सुटतो.

सकाळभर चिमटा सुटला नाही. दुपारनंतर डोंगराकडून वारा सुटला आणि लाटांवर फेस दिसायला लागला.

"आता परत जाऊया," मी म्हटलं.

"एक लास्ट राउंड, ताई."

वळताना खोली दाखवणाऱ्या स्क्रीनवर तळ एकदम वर आलेला दिसला. तो वजन वर घ्यायला धावला, पण तेवढ्यात बोटीला हिसका बसला आणि ती जागच्या जागी थांबली. त्याने इंजिन न्यूट्रलला टाकलं.

"वजन अडकलं," तो म्हणाला. "खाली झाडं आहेत. धरण बांधलं तेव्हा बुडालेली."

वारा बोटीला ढकलत होता आणि तार तिला मागून धरून होती. बोट फिरली, तिची पाठ लाटांकडे झाली. मागची कड आधीच ठेंगणी, ती आणखी खाली ओढली गेली. दर लाटेला थोडं थोडं पाणी आत यायला लागलं. त्याने रिळाचा ब्रेक सैल केला, तरी रीळ फिरेना. तारेचे वेढे एकमेकांवर चढून घट्ट बसले होते. ते सोडवायला त्याने डावा हात घातला. त्याच वेळी लाटेने बोट उचलली, तार ताणली गेली आणि त्याची दोन बोटं तार आणि रीळ यांच्यामध्ये सापडली.

तो ओरडला नाही. फक्त "ताई" म्हणाला, आणि त्या आवाजावरून मला सगळं कळलं.

"रिव्हर्स घेऊ का? तार सैल पडेल."

"नको. सगळं पाणी आत येईल. तार काप. डब्यात प्लायर आहे."

डबा उघडला तर त्यात गळच गळ. घाईत एक माझ्या तळहातात घुसला, तो उपटून काढला. प्लायर तळाशी होती. मी त्याच्याशेजारी जाऊन ओणवी झाले, तशी मागची कड आणखी खचली आणि एक आख्खी लाट आमच्या पायांवर आली.

"पुलीच्या पलीकडे काप. माझ्या हाताकडे नाही. आणि तोंड बाजूला कर."

मी दाबलं. तारेवर नुसता ओरखडा उठला. दोन्ही हातांनी दाबलं, तेव्हा एकेक पदर तुटायला लागला. लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत सरकलं होतं, पाणी नाकात जात होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर हातातलं बळ गेलं असतं.

मग तार तुटली. बोटीची पाठ उसळून वर आली आणि मी फळीवर आपटले. त्याने हात बाहेर काढला. बोटं काळीनिळी, एकाचं टोक भलत्याच दिशेला वळलेलं.

"आधी इंजिन," तो दातओठ खात म्हणाला. "बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेव."

मी आयुष्यात पहिल्यांदा बोट चालवली. तो माझ्या हुडीत हात गुंडाळून बसला आणि डावीकडे, उजवीकडे, हळू, एवढंच बोलत राहिला. धक्क्यावर दोन अनोळखी माणसांनी बोट ट्रेलरवर चढवून दिली.

दवाखान्यात एक्स-रे काढला. एक बोट मोडलं होतं, दुसरं नुसतं चेपलं होतं. प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, आपण दोघंही जातो आता."

"मलाही."

परत येताना वाटेत कूमा गावात पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. त्याने प्लास्टरचा हात मांडीखाली सरकवला.

"मासे मिळाले का रे?"

"नाही गं."

"मग दिवसभर केलंत काय दोघांनी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. "बोटीत बसलो होतो," मी म्हटलं. आई म्हणाली, बरं झालं, निदान भेटलात तरी. फोन ठेवल्यावर त्याने हात मांडीखालून बाहेर काढला आणि मी गाडी सुरू केली.