बोहनीआधीची मुंबई

माझ्या वडिलांनी एकाच सकाळी मला तीनदा परकं ठरवलं, आणि तिन्ही वेळा ते शंभर टक्के खरं बोलत होते.

मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा आहे. वडील रोज फुलं घेऊन नाशिकच्या फूलबाजारात बसतात. आजोबांपासून चालत आलेला त्यांचा एक नियम आहे: बोहनी होईपर्यंत, म्हणजे पहिलं गिऱ्हाईक होईपर्यंत, खोटं बोलायचं नाही. बोललं की दिवस वाया गेला. कुणी "फुलं ताजी ना?" विचारलं, तर ते बोट दाखवून सांगतात, ही आजची, ती कालची. म्हणूनच बोहनीला उशीर होतो, असं आईचं मत आहे.

त्या दिवशी तर आषाढ होता. ना लग्न ना सण, बाजारात नुसत्या माश्या. आणि मला मुंबईच्या एका कॉलेजात एम.एस्सी.ची जागा मिळाली होती! बारा वाजेपर्यंत मेल उघडून होकार कळवायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. मी नवा लॅपटॉप आणि पोह्यांची बशी घेऊन ओट्यावर बसले. मेलचं खातं दहावीत असताना वडिलांच्या फोनवर काढलेलं. त्यामुळे मी पासवर्ड टाकला की "तुम्हीच का?" हा प्रश्न त्यांच्या फोनवर जाणार होता. त्यांनी "हो" दाबायचं, संपलं. सकाळी तसं दोनदा बजावलंही होतं.

पासवर्ड टाकला. उत्तर आलं, परवानगी नाकारली. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारली. तिसऱ्यांदा तर खातंच बंद झालं: थोड्या वेळाने प्रयत्न करा. तेवढ्यात वडिलांचा फोन.

"आगं, तू मुंबईला पोचली पन?"

"आप्पा, मी ओट्यावर बसून पोहे खातेय!"

"मग हे कोन हाय? मुंबईतून तुमीच शिरताय का, असं इचारतंय. म्या नाय दाबलं. तीनदा आलं, तीनदा नाय दाबलं." आवाजात पकडलेल्या चोराचा आनंद होता.

मला रडावं की हसावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. मग समजावलं. आप्पा, फोनला मी कुठे बसलेय ते दिसत नाही. आपलं इंटरनेट मळ्यातून निघतं, पण कंपनीच्या मुंबईतल्या दारातून बाहेर पडतं. पलीकडच्याला फक्त ते दार दिसतं, म्हणून तो अंदाजाने मुंबई लिहितो. आता विचारलं की हो म्हणा.

मग पलीकडून हळूच आवाज आला, "बोहनी नाय झाली आजून."

साडेदहा झाले होते. माझी एम.एस्सी. झेंडूच्या एका वाट्यावर अडकली होती. मी म्हटलं, आप्पा, मीच घेते एक वाटा. ते म्हणाले, घरच्याची बोहनी धरत नाहीत.

आता आईने पोह्यांचा झारा हातात घेऊनच फोन हिसकावला. तिचं माहेर चांदवडकडचं, कांद्याचं.

"आवो, माझ्या बापाचा कांदा चांदवडच्या मातीतला. लासलगावच्या बाजारातून गाडीत भरला की देशभर लासलगावचा म्हणून खपला. जन्मभर तुमी त्याला लासलगावचाच म्हनले. बोहनीआधी बी म्हनले! तवा नाय का खोटं झालं?"

हा सल तिने पंचवीस वर्षं जपून ठेवला असावा. बाजारातल्या शेजारणीचं हसू मला फोनमधून ऐकू आलं.

"आसं हाय व्हय," वडील म्हणाले. "मंजे पोरगी मळ्यातली, बाजार मुंबईचा."

"त्येच तर कवाचं सांगतीय ती!"

मी तासभर घसा कोरडा केला होता आणि काम कांद्याने केलं. खातं उघडायला अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली. या खेपेलाही फोनने मुंबईच विचारलं, आणि वडिलांनी बोहनी नसताना, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून "हो" दाबलं. अकरा पन्नासला माझा होकार गेला. मी ओट्यावरून उडी मारली, बशी फुटली, आई चिडलीच नाही. बोहनी दुपारी दोनला झाली, तीही कालच्या फुलांची.

आता मी खरोखरच मुंबईत आहे. परवा सकाळी होस्टेलवर नवा फोन घेऊन बसले, पासवर्ड टाकला आणि वडिलांना समजावून सांगण्यासाठी त्यांना फोन लावणार, तोच खातं उघडलंसुद्धा. मग फोन केलाच.

"आप्पा, आज कुठलं गाव दाखवलं?"

"नाशिक."

माझं सिम अजून तिकडचंच आहे, त्याचाच हा घोटाळा असावा. पण वडिलांना ते कुठे माहीत?

"आणि लगेच हो दाबलंत? मी तर इथे मुंबईत आहे. बोहनी झाली होती का?"

"नाय झाली," ते म्हणाले. "पन त्यात खोटं काय व्हतं?"

मागे कुणीतरी झेंडूचा भाव विचारत होतं, आणि वडील ही आजची, ती कालची असं सांगायला लागले होते.