चार चिजांचं पंच

नालवाडीत आमच्या समोर राहणारे काका फौजेच्या मेसमधून वेटर म्हणून निवृत्त झालेले. घरच्या पायजम्यालाही कडक इस्त्री, आणि साधं पाणी द्यायचं तरी हातावर पांढरा नॅपकिन.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी हौसेनं, मेसच्या पार्ट्यांत असायचं तसं, पातेलंभर ‘पंच’ नावाचं पेय केलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. कुणीतरी तक्रार केली आणि भर दुपारी हवालदार मांडवात हजर. आमचे व्याही पांढरेफटक पडले.

काकांनी अदबीनं ग्लास पुढे केला. “हे इंग्रजाचं नाई, साहेब, आपलंच हाय. पाच चिजा, म्हणून पंच. गोरे इथं प्याले अन् नाव घेऊन गेले. लिंबू, साखर, पाणी, मसाला.”

“ह्या तं चारच झाल्या. पाचवी?”

“दारू. थे तुमच्याच ठाण्यात जप्त हाय.”

हवालदारानं घोट घेतला, ग्लास संपवला, दुसरा मागून घेतला आणि “मस्त हाय” म्हणत निघून गेला.

व्याह्यांनी घाम पुसला. काका मात्र नाराज. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “जायफळ जास्त झालतं. दोन ग्लास पिऊन ज्याले थे समजलं नाई, तो दारू काय पकडन?”