व्रण

परवा नातीच्या फुटलेल्या गुडघ्याला टिंक्चर लावलं आणि त्या वासानं मला थेट साठ सालाकडच्या अकोल्यात नेलं. तिथल्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचो; पोलीस केसचे फोटोही मीच काढायचो. दर्यापूरकडची एक बाई आली. नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिचं कपाळ फोडलं होतं, डोळा रक्तानं बुजला होता. तसाच फोटो काढला. मग रक्त पुसलं, पट्टी बांधली, वर पदर घ्यायला लावून दुसरा काढला, तिला देण्यासाठी. वाटलं, मोठी दया केली.

चार दिवसांनी घरी जाताना तिनं तो परत केला.

"भाऊ, मले रक्ताचा दे. भिंतीवर लावीन. जेवताना रोज त्याले दिसला पाह्यजे."

मी गुपचूप प्रत काढून दिली.

पुढं अमरावतीत जन्मभर स्टुडिओ चालवला. फोटोतला व्रण मात्र विचारल्याशिवाय कधी पुसला नाही.